एनआयसीयूच्या दारात आईला अडवू नका

गेले काही दिवस एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतो आहे. त्यात म्हटलंय की नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात हल्ली आईवडिलांना आत घेतात, त्याने जंतुसंसर्ग वाढतो. अडाणी आईला नळ्या-यंत्रांतलं काय कळणार. आणि हे सगळं नर्सचं काम नातेवाइकांच्या गळ्यात मारायला चाललंय. अशा विभागात मी बरीच वर्षं ड्युटी केली. हा मेसेज वाचून एखाद्या घरात सुनेला दाराबाहेरच थांबवलं, तर भोगावं लागेल ते बाळाला. म्हणून लिहिते आहे.

आधी संसर्गाचं. ही भीती मला परकी नाही, आम्हीही आईला काचेबाहेरच उभं करायचो. पण ती भीती तपासून पाहिली ती दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात डॉ. आरती मारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २९५ आजारी नवजात बाळांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत विभागणी केली. एका गटातल्या पालकांना शिकवून शुश्रूषेत सामील करून घेतलं, दुसऱ्या गटाला नेहमीची पद्धत. २०१७ साली निष्कर्ष छापून आले: रुग्णालयात होणाऱ्या संसर्गात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. घरी जाण्याआधी निव्वळ आईच्या दुधावर असलेली बाळं मात्र पालकांच्या गटात ८०.४ टक्के, दुसऱ्या गटात ६६.७ टक्के.

२९५ बाळं म्हणजे फार नाहीत, हे मान्य. मग जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अभ्यास घ्या. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथली ३,२११ बाळं, जन्मतः वजन १ ते १.८ किलोच्या आत. एका गटात आईची खाटच अतिदक्षता विभागात टाकली आणि बाळ स्थिरावायची वाट न पाहता तिच्या उघड्या छातीशी ठेवलं. दुसऱ्या गटात बाळ स्थिर झाल्यावरच. पहिल्या २८ दिवसांत दगावलेली बाळं: आईजवळच्या गटात १२ टक्के, दुसऱ्यात १५.७ टक्के. संसर्गाची शंकासुद्धा आईजवळच्या गटातच कमी, २२.९ टक्के, दुसऱ्यात २७.८. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्याआधीच थांबवला गेला. थोडा विचार केला तर हे पटतंही. आईजवळच्या बाळाला कमी हात लागतात, दूध लवकर मिळतं, आणि अंगावर वसतात ते आईच्या त्वचेवरचे जंतू, वॉर्डातले नव्हेत.

आईला काय कळणार, हा प्रश्न मला सर्वांत जास्त लागला. दिल्लीतल्या त्या कामातूनच पालकांसाठी दृक्‌श्राव्य धडे तयार झाले: हात कसे धुवायचे, बाळाला कसं हाताळायचं, कांगारू पद्धतीने, म्हणजे उघड्या छातीशी, कसं धरायचं, घरी गेल्यावर काय पाहायचं. त्यासाठी वाचता यावं लागत नाही. आमच्याकडे एक ऊसतोड कामगार बाई होती. एका सकाळी म्हणाली, "सिस्टर, काल चांगलं ओढत होतं, आज तोंड फिरवतंय." मॉनिटरवरचे आकडे तेव्हा ठीक होते. तरी डॉक्टरांना बोलावलं, रक्त तपासलं, संसर्गाची सुरुवात निघाली. माझ्याकडे त्या पाळीत नऊ बाळं होती, तिच्याकडे एकच.

कामाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. रक्ताच्या बाटल्या आणायला, स्ट्रेचर ढकलायला बापाला पळवायचं आणि त्याला सहभाग म्हणायचं, ही लबाडीच. सिझेरियन झालेल्या बाईला पाठ टेकायला खुर्ची नाही, जेवण नाही, आणि म्हणे बाळाला चार तास धरा, हेही चूक. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत पालकांकडे येते ती स्वच्छता, दूध पाजणं, कांगारू काळजी. इंजेक्शन, सलाइन, ऑक्सिजन नर्स-डॉक्टरांकडेच. तेव्हा भांडायचं असेल तर खाटा, खुर्च्या आणि नर्सची रिकामी पदं यांसाठी भांडा.

बाळ आत असेल तर पहिल्याच दिवशी सिस्टरला विचारा, "मी आत कधी येऊ, काय शिकू?" नखं कापून जा. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुवा. सर्दी, ताप, जुलाब असतील तर लपवू नका, आत शिरण्याआधी सांगा. आईला उठता येत नसेल तर बापाने शर्ट काढून बाळाला छातीशी धरलं तरी चालतं.