पैसा वसूल : बार्बेक्यूला जाणाऱ्यांसाठी काही सूचना

अनलिमिटेड बार्बेक्यूला, म्हणजे माणशी ठरलेला दर देऊन टेबलावरच्या शेगडीवरचं हवं तेवढं खायला मिळतं तिथं, लोक जेवायला जातात, असा एक गैरसमज आहे. तो आधी काढून टाका. तिथं वसुलीला जायचं असतं, आणि वसूल झालं नाही की रात्री गादीवर पडल्या पडल्या दोन स्टार द्यायचे असतात. संभाजीनगरात जालना रोडला, सिडकोत, आता नांदेड-लातूरकडेही टेबलात शेगडी बसवलेली हॉटेलं निघाली आहेत. तिथं जाऊन नाराज होऊन परतायला थोडी तयारी लागते. ती अशी.

वार शनिवार धरा, वेळ रात्री साडेआठची, माणसं नऊ, बुकिंग शून्य. सोमवार ते गुरुवार दुपारी दर कमी असतो, संध्याकाळी सातला बसणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी सूट मिळते, पण स्वस्तात खाल्लेलं कोणाला सांगणार? शिवाय शनिवारी गर्दीमुळे किचनमध्ये चिकन आधीच भाजून ट्रेमध्ये झाकून ठेवावं लागतं. झाकणाखाली वाफ धरते, कडेचा खरपूसपणा जातो आणि तुकडा उकडल्यासारखा लागतो. म्हणजे तक्रारीची अर्धी सोय तुम्ही वारावरच करून ठेवली. जालन्याहून येणार असाल तर जाऊन-येऊन 120 किलोमीटर, लिटरला 15 चं ॲव्हरेज धरलं तरी 8 लिटर पेट्रोल. ते हिशेबात धरायचं नाही. पार्किंगवाल्यानं घेतलेले वीस रुपये मात्र रिव्ह्यूत आलेच पाहिजेत.

दिवसभर उपाशी राहा. सकाळी पोह्यांची बशीसुद्धा परत पाठवा. पोट असं कोरडं ठणठणीत असलं की समोर येईल त्याच्यावर माणूस तुटून पडतो, आणि समोर पहिल्यांदा काय येतं हे हॉटेलवाल्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. आधी येतो तळलेला मका. मग मसाला लावलेला बटाटा, मग पनीर, मग मशरूम. मका आणि बटाटा सगळ्यात स्वस्त, तेलात तळलेले आणि पोटाला जड. ते दोन-दोन बाऊल रिचवा. वेटर ‘अजून आणू का, सर?’ म्हणाला की ‘विचारतो काय, आण ना’ असं जरा आवाज चढवून म्हणा. त्यावर कोल्ड्रिंकचे दोन ग्लास घ्या. कोल्ड्रिंक अनलिमिटेडमध्ये धरलंय का, हे विचारायचं नाही. बहुतेक ठिकाणी धरलेलं नसतं, आणि पोट फुगवायला गॅसइतकं स्वस्त दुसरं काही नाही. मटणाची सीख आणि कोळंबी येईपर्यंत तुम्ही पट्टा एक घर सैल केलेला असेल. मग लिहा : ‘नॉनव्हेज स्टार्टर फार उशिरा आणतात.’

टेबलावर एक छोटा झेंडा असतो. तो उभा आहे तोवर सळया येत राहतात, आडवा केला की थांबतात. तेव्हा तो पाडू नका. पोट भरलं, सगळे मोबाइलमध्ये गुंतले, पोरं झोपली, तरी झेंडा ताठ राहिला पाहिजे. काही ठिकाणी उष्ट्या अन्नाचे पैसे लावण्याची सूचना छापलेली असते. ती वाचू नका, बशीत बारा तुकडे टाकून उठा, आणि कोणी बोललंच तर ‘गिऱ्हाईकाशी असं बोलतात का?’ हे वाक्य तयार ठेवा.

आता शेगडी. टेबलावर जे चिकन येतं ते किचनमध्ये जवळजवळ पूर्ण शिजवूनच पाठवलेलं असतं. टेबलावरच्या निखाऱ्यांचं काम ते गरम ठेवण्याचं आणि वरून जरा खरपूस करण्याचं, दोन-तीन मिनिटांचं. चिकन आतून 74 अंशाला गेलं की खायला सुरक्षित होतं. त्याच्या पुढे जसजसं तापत जाईल तसतसे मांसाचे धागे आवळतात आणि पाणी बाहेर टाकतात. छातीचा तुकडा यात लवकर चोथा होतो, तंगडीच्या मांसात चरबी जास्त म्हणून ते जरा तग धरतं. त्यामुळे सळया आल्या की लगेच खायच्या नाहीत. आधी निखाऱ्यांसकट फोटो, मग सगळ्यांसकट सेल्फी, मग आत्याला व्हिडिओ कॉल. असे पंधरा मिनिटं ते तुकडे एकाच अंगावर राहू द्या, फिरवू नका. नंतर दातानं ओढून बघा आणि लिहा : ‘चिकन ड्राय.’

शेजारी वाटीत ब्रश असतो, तेल किंवा बटर लावायला. हलका हात फिरवला की तुकड्याला तकाकी येते, इतकंच त्याचं काम. तुम्ही मात्र भिंतीला चुना मारतात तसा मारा. जास्तीचं तेल निखाऱ्यावर ठिबकतं, भडका उडतो, काळा धूर निघतो, काजळी तुकड्यावर बसते आणि तो कडू लागतो. टाळ्या वाजवा, पोरांना दाखवा. आपल्याकडं पौषात ज्वारीच्या रानात आगटी पेटवतात, तिथं गोवऱ्यांचा जाळ बसून लाल विस्तव झाल्याशिवाय हुरड्याचं कणीस कोणी आत घालत नाही. घातलंच तर म्हातारी माणसं हात धरतात. तेच लोक चिरंजीवांच्या वाढदिवसाला एसीत बसून जाळावर चिकन धरतात आणि ‘जळकं दिलं’ म्हणतात. कोळशावर पांढरट राख धरली म्हणजे आच नीट बसली, हे सगळं माहीत असतं. हॉटेलात ते विसरायचं. आणि पाऊण-एक तासानं निखारे मंदावले की शेगडी बदलून मिळते, फक्त सांगावं लागतं. सांगू नका. थंड शेगडीवर सळई ठेवून तोंड पाडून बसा, तेही रिव्ह्यूत कामाला येतं.

कोळंबीबद्दल न लिहिलेला रिव्ह्यू अपुरा समजला जातो. समुद्र इथून तीनशे किलोमीटरच्या पलीकडे, म्हणजे कोळंबी बहुधा बर्फातली असणार, आणि ती नीट वितळवली, आयत्या वेळी मुरवली तर त्यात काही वाईटही नाही. बिघडतं ते घाईत. गरम पाण्यात टाकून वितळवली की ती पाणी सोडते आणि रबरासारखी होते. लिंबात किंवा कच्च्या पपईत जास्त वेळ राहिली की पिठूळ होते, कारण पपईतला पाचक रस मांस मऊ करता करता ते विरघळवायलाच लागतो. चिकनचंही असंच आहे : आधी मीठ, लिंबू, आलं-लसूण, मग तासाभरानं चक्का, भाजलेलं बेसन, मोहरीचं तेल, काश्मिरी मिरची. दही पातळ असलं तर मसाला सळईवरून ओघळतो आणि तुकडा नागवा राहतो. तर, कोळंबी रबरी होती का पिठूळ होती, एवढं जरी लिहिलं तरी आचाऱ्याला आपलं काय चुकलं ते कळेल. म्हणून तसं लिहायचं नाही. ‘कोळंबी बेकार’ असं लिहायचं.

प्रत्येक कुटुंबात एक माळकरी मामा असतात. त्यांना आग्रहानं न्या. शाकाहारी आणि मांसाहारी सळया एका टेबलात एकाच खड्ड्यावर येतात, मधे फार तर पत्र्याची पट्टी असते. वेगळी शेगडी किंवा शेजारचं वेगळं टेबल हवं असेल तर बुकिंगलाच सांगावं लागतं, ब्रशही वेगळा मागावा लागतो. हे मामांना घरी कळता कामा नये. मामा बसतील, टोपी काढून मांडीवर ठेवतील, अननसाचा तुकडा तोंडाकडे नेतील आणि तेवढ्यात पलीकडच्या सीखेची चरबी चर्रकन निखाऱ्यावर पडेल. मामा तुकडा खाली ठेवतील. ‘तुमचं चालू द्या, मला तशी भूक नव्हतीच,’ म्हणतील आणि ताकावर बसतील. शाकाहारी ताटाचा दर मांसाहारीपेक्षा थोडासाच कमी असतो, तेव्हा एका ताकाला सहा-सातशे रुपये पडले. हा हिशेब मामांसमोर मोठ्यानं करा. एकादशी, गुरुवार, श्रावण असला तर आणखी चांगलं, अर्धं टेबल मामाच होऊन बसतं.

आता वसुलीचं गणित, कारण ते कोणी नीट करत नाही. समजा माणशी 900 रुपये. बोनलेस चिकन बाजारात 300 रुपये किलो धरू. म्हणजे 900 रुपये चिकनमध्येच वसूल करायचे तर 3 किलो कच्चं चिकन पोटात गेलं पाहिजे. किलोला 40 तुकडे, असे 120. सळईला 5-6 तुकडे, म्हणजे 20 ते 24 सळया, एका माणसानं, दोन तासांत, आणि वर बिर्याणी, दाल, गुलाबजाम, कुल्फी राहिलीच. भाजून पाव भाग वजन घटतं म्हणून दिलासा आहे : प्रत्यक्षात सव्वादोन किलोच चावायचं. तुम्ही पैसे कोळशाचे, भाड्याचे, वेटरच्या पगाराचे आणि मे महिन्यात टेबलाटेबलावर पेटलेल्या शेगड्यांशी झुंजणाऱ्या एसीचे दिलेत, असा विचार मनात आला तर दाबून टाका. शहागंजात उभ्याउभ्या चार सीख कबाब खाणारा माणूस हे गणित कधी मांडत नाही, कारण त्यानं जेवढं खाल्लं तेवढ्याचेच पैसे दिले. त्याचा आदर्श ठेवू नका.

उरलेली वसुली पर्समधून करतात. टिश्यू पेपरात गुंडाळलेल्या चार सीखा, वर रुमाल. शिजलेलं मांस बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, हवा 32 अंशाच्या पुढे असेल तर तासाच्या वर नाही. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या रात्री दहालाही तेवढं सहज असतं, आणि गाडीत सव्वा-दीड तास. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं की ते हॉटेलच्या खाती टाका. त्याला एक स्टार.

बिल आलं की वाचायचं नाही, फक्त शेवटचा आकडा बघून ‘बापरे’ म्हणायचं. जेवणावर 5 टक्के जीएसटी असतो, तो सरकारचा. सर्व्हिस चार्ज वेगळा, तो हॉटेलचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय की हॉटेलनं तो आपणहून बिलात घालू नये, नाव बदलूनही घालू नये, आणि 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयानंही ते कायम ठेवलं. तिथल्या तिथं ‘हा काढा’ म्हणता येतं, नाही ऐकलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. पण मॅनेजरसमोर ‘ठीक आहे, राहू द्या’ म्हणत कार्ड पुढं करणं आणि घरी जाऊन ‘लूट आहे लूट’ लिहिणं यात जो आब आहे तो तक्रारीत कुठला?

रिव्ह्यू दोनदा लिहावा लागतो, हे ध्यानात असू द्या. पहिला तिथंच. केक आणतात, चमचे वाजवून गाणं म्हणतात, तुमच्यात कोणाचाही वाढदिवस नसला तरी एकाचा असल्याचं सांगितलेलंच असतं. मग वेटर मोबाइल पुढं करतो, ‘सर, तेवढे पाच स्टार, आणि माझं नाव टाका’. त्याला तेवढ्यावर शाबासकी मिळते, म्हणून तुम्ही भिडेनं लिहिता, ‘फूड ऑसम, ॲम्बियन्स छान, दादांनी खूप प्रेमानं वाढलं’. काय खाल्लं, कधी गेलात, किती जण होतात, माणशी किती पडले, यातलं एक अक्षर नाही. दुसरा रिव्ह्यू घरी, पोटात अस्वस्थ वाटायला लागल्यावर : ‘व्हॅल्यू फॉर मनी नाही.’ यातही वार, वेळ, दर काही नाही. या दोन्हींची सरासरी काढून पुढच्या शनिवारी परभणीचं एखादं कुटुंब नऊ जणांना घेऊन निघतं.

दुसऱ्या रिव्ह्यूखाली हॉटेलचं उत्तर येईल. ते सगळ्यांना एकच असतं, ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, कृपया आम्हाला मेल करा.’ मेल करू नका. तिथं तारीख, टेबल आणि बिल नंबर मागतात, आणि बिल तर तुम्ही न वाचताच बडीशेपेच्या वाटीखाली सोडून आलात.