हिवाळ्यातला पूर ‘अचानक’ येत नाही

हिवाळ्यातल्या पुराच्या बातमीत एक शब्द ठरलेला असतो: अचानक. नदीनं रात्रीतून पात्र सोडलं, गोठ्यांत पाणी शिरलं, गावाचा रस्ता तुटला, आणि हे सगळं म्हणे अचानक. मला हा शब्द आता सहन होत नाही. जो बर्फ वितळून ते पाणी झालं, तो कित्येक आठवडे डोंगरावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडून होता.

हे घडतं कसं ते आधी सांगते. पाऊस पडला की बर्फ वितळणारच, असं आपल्याला वाटतं. पण नुसत्या पावसाचं बर्फापुढे फारसं चालत नाही. 5 अंशांचं एक लिटर पाणी जेमतेम 60-65 ग्रॅम बर्फ वितळवतं. खरं काम करतो तो पावसासोबत येणारा उबदार, दमट वारा. त्यातली वाफ बर्फाला लागून पाणी होते तेव्हा एवढी उष्णता सोडते की एक ग्रॅम वाफ सुमारे सात ग्रॅम बर्फ वितळवते. त्यात जमीन गोठलेली किंवा आधीच तुडुंब भिजलेली. मुरायला जागाच नाही. मग पावसाचं आणि बर्फाचं पाणी एकदमच ओढ्यांत उतरतं.

1964 च्या नाताळात उत्तर कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनमध्ये हेच झालं. आधी थंडी आणि बर्फ, मागोमाग उबदार मुसळधार पाऊस. क्लॅमथ हे छोटं गाव उद्ध्वस्त झालं आणि नंतर उंचावर नव्यानं वसवावं लागलं. त्याच गावात 1955 च्या डिसेंबरातही पूर आला होता. नऊ वर्षांत दोनदा! याला अचानक कसं म्हणायचं?

बर्फ मोजता येत नाही अशातलाही भाग नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात डोंगरांवर 900 हून जास्त स्वयंचलित केंद्रं बर्फात किती पाणी दडलंय ते सतत कळवत असतात. तरी गावापर्यंत इशारा पोचतो तो बहुधा एवढाच: ‘इतके मिलिमीटर पाऊस.’ शेतकऱ्याला कळायला हवं ते वेगळंच. पाऊस डोंगरात किती उंचीपर्यंत पडणार? तिथे बर्फ किती आहे? आणि आमच्या ओढ्याला पाणी किती वाजता येईल? मोठ्या नदीवर, शहराजवळ पाण्याची पातळी मोजणारा मापक असतो. वरचा ओढा मोजायची तसदी क्वचितच कुणी घेतं.

शहरातला माणूस गाडीत बसून निघून जाऊ शकतो. दुभत्या गाईंचं काय करायचं? नोव्हेंबर 2021 मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात सुमास प्रेअरी पाण्याखाली गेली. 1924 मध्ये सुमास तळं उपसून काढलेली ती सखल शेतजमीन. प्रांतभरात 6 लाखांहून जास्त कोंबड्या मेल्या. शेजाऱ्यांनी होड्यांना दोर बांधून गाई ओढत बाहेर काढल्या. ते फोटो मी बराच वेळ बघू शकले नाही. ही जमीन कोरडी ठेवणारं पाण्याचं उपसा केंद्र वाचवायला लोकांनी रात्रभर वाळूची पोती रचली. ही माणसं हिमतीची होती, पण त्यांच्या हिमतीचं कौतुक करून आपण मोकळे होतो याचा मला राग येतो.

डिसेंबर 2007 मध्ये वॉशिंग्टन राज्यात चेहॅलिस नदीला पूर आला. तिथे बर्फापेक्षा पावसाचाच वाटा मोठा होता, पण गोठ्यांचे हाल तेच, जनावरं बुडाली. त्यानंतर त्या खोऱ्यातल्या काही शेतांवर मातीचे उंच, रुंद ओटे घालण्यात आले. पाणी चढायला लागलं की जनावरं तिथे नेता येतात, ट्रॅक्टरही तिथेच उभे करता येतात. भराव आणि थोडी जागा, एवढंच लागतं. पूरपट्ट्यातल्या प्रत्येक गोठ्याजवळ असा ओटा सरकारी खर्चानं व्हायला हवा, आणि तोही पुढचा बर्फ पडायच्या आत.