‘विथ’ला नावं ठेवण्याआधी आपला ‘ने’ पाहा

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक मजकूर फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला. त्याचं म्हणणं असं: इंग्रजी तर्कहीन भाषा आहे, कारण तिच्यात ‘विथ’सारख्या एका शब्दाला एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले डझनभर अर्थ. ‘फाइट विथ’ म्हटलं की कुणाविरुद्ध लढला की कुणाच्या बाजूने, तेही कळत नाही. मराठीत मात्र एका प्रत्ययाला एकच अर्थ, संस्कृतात तर संदिग्धतेला जागाच नाही, म्हणून नासाने संगणकासाठी संस्कृत निवडली. आणि शेवटी सल्ला: मुलांकडून ‘विथ म्हणजे सोबत, ऑन म्हणजे वर, इन म्हणजे मध्ये’ असा तक्ता पाठ करून घ्या, बाकीचं अपवाद म्हणून सोडून द्या.

मी मराठी माध्यमाच्या आठवी-नववीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. हा तक्ता पाठ केलेल्या मुलांच्या वह्या माझ्या हाताखालून जातात, म्हणून सविस्तर उत्तर देणं मला भाग आहे.

अर्थांचा एकमेकांशी संबंध नाही, हे आधी घेऊ. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘विथ’चा मुख्य अर्थ ‘विरुद्ध, समोरासमोर’ असा होता. सोबतीसाठी ‘मिड’ हा वेगळा शब्द होता. जर्मन ‘मिट’ त्याच्याच कुळातला. पुढे ‘विथ’ने ‘मिड’ला हटवून त्याचं काम स्वतःकडे घेतलं. समोर उभा असलेला जवळही असतो, जवळचा तो सोबतीचा, आणि काम करताना सोबत घेतलेली वस्तू म्हणजे साधन, अशी ही साखळी आहे. जुन्या घराच्या खुणा अजून शिल्लक आहेत. ‘विथस्टँड’ म्हणजे एखाद्या गोष्टीविरुद्ध तग धरून उभं राहणं. तिथे ‘विथ’ला सोबतीचा वासही नाही. आणि सुईणीला इंग्रजीत ‘मिडवाइफ’ म्हणतात तो ‘मिड’ सोबतीचाच: बाळंतिणीच्या सोबतीला असलेली बाई.

‘फाइट विथ’मुळे घोटाळा होऊ शकतो, हे खरं आहे. ‘आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप’ या वाक्यातही दुर्बीण बघणाऱ्याच्या हातात की त्या माणसाच्या, ते नुसत्या वाक्यावरून ठरत नाही. मराठीत ‘दुर्बिणीने पाहिला’ आणि ‘दुर्बीणवाला माणूस पाहिला’ असे सरळ दोन रस्ते होतात. पण ‘मी काल दादाबरोबर कॅरम खेळले’ या वाक्यात दादा माझा जोडीदार होता की समोर बसून माझ्या सोंगट्या अडवत होता? सांगता येणार नाही. भांडायला, खेळायला, लढायला दुसरा माणूस लागतो. तो विरोधात असला तरी त्या कामात सोबत असतोच. म्हणून ‘शी’ हा प्रत्ययही ‘मैत्रिणीशी बोलले’ आणि ‘शत्रूशी लढला’ ही दोन्ही कामं करतो.

आता ‘मराठीत एका प्रत्ययाला एकच अर्थ’. हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं, कारण हे लिहिणाऱ्याने आपलीच भाषा नीट ऐकलेली नाही. हे एक वाक्य घ्या: ‘आईने तापाने फणफणलेल्या बाळाला चमच्याने प्रेमाने पेज भरवली.’ चार वेळा ‘ने’. पहिला भरवणारी कोण ते सांगतो, दुसरा फणफणण्याचं कारण, तिसरा साधन, चौथा रीत. आणखी हवे असतील तर ‘नदीकाठच्या रस्त्याने गेला’, ‘बसने आला’, ‘एका पायाने अधू’, ‘दोन इंचाने उंच’ आहेतच. गंमत अशी की इंग्रजीत ताप, चमचा आणि प्रेम या तिघांनाही ‘विथ’ चालतो. म्हणजे ज्या गुंतागुंतीबद्दल आपण इंग्रजीला नावं ठेवतो, तिचा मोठा भाग आपल्या ‘ने’मध्ये जसाच्या तसा आहे.

संस्कृतचं तर पाणिनीनेच लिहून ठेवलंय. त्याच्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात तृतीया, म्हणजे आपल्या ‘ने’सारखी विभक्ती, कुठे कुठे येते ते ओळीने सांगितलंय: कर्ता आणि करण (म्हणजे साधन), ‘सह’ असताना सोबत, शरीराचं वैगुण्य, ओळखीची खूण, कारण. ‘रामेण बाणेन हतो वाली’ हे उदाहरण शाळेत संस्कृत घेतलेल्या अनेकांना आठवत असेल. राम मारणारा, बाण साधन, दोघांनाही तृतीया. ‘जटाभिस्तापसः’ म्हणजे जटांवरून ओळखू येणारा तापस. इंग्रजी माणूस इथे सहज ‘विथ’ वापरेल. पाणिनीने कारक, म्हणजे शब्दाची वाक्यातल्या क्रियेतली भूमिका, आणि विभक्ती, म्हणजे शब्दाला लागणारा प्रत्यय, वेगळे ठेवले. एका विभक्तीला एकच भूमिका असती, तर हा खटाटोप त्याला करावाच लागला नसता.

नासाचं थोडक्यात. 1985 साली रिक ब्रिग्ज या नासाशी संबंधित संशोधकाचा एक लेख ‘एआय मॅगझिन’मध्ये आला. संस्कृत वैयाकरण वाक्याचा अर्थ ज्या पद्धतीने उलगडतात, ती ज्ञान संगणकात मांडण्याच्या पद्धतीशी जुळते, असं त्यात मांडलंय. तो एका संशोधकाचा लेख होता, नासाचा निर्णय नव्हे. प्रत्ययाला एकच अर्थ असतो, असा दावा त्यातही नाही.

राहिला तो तक्ता, आणि माझं खरं भांडण त्याच्याशीच आहे. ‘ऑन म्हणजे वर’ पाठ केलेली मुलं हमखास ‘शी इज अँग्री ऑन मी’ लिहितात, कारण मराठीत आपण माझ्यावर रागावतो. तिथे ‘विथ’ हवा. ‘शी’साठी ‘विथ’ घोकलेली मुलं ‘मॅरीड विथ’ लिहितात, तिथे ‘टू’ हवा. मूल चुकलं की ते अपवाद विसरलं म्हणून ओरडा खातं. खरं तर आपला ‘वर’ किती फिरतो हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं: टेबलावर पुस्तक, आईवर प्रेम, जेवल्यावर झोप.

म्हणून मी तक्त्याऐवजी प्रश्न विचारायला लावते. हा ‘विथ’ कशाला उत्तर देतोय: कुणाबरोबर, कशाने, कशामुळे, की कसा दिसणारा? मागच्या आठवड्यात धड्यात ‘विथ टिअर्स इन हर आइज’ आलं. नववीतल्या एका मुलीने वहीत ‘तिच्या डोळ्यांतल्या अश्रूंसोबत’ असं लिहिलं होतं. मी म्हटलं, हेच तुझी आजी कसं सांगेल? तिने वही मिटली, थोडा वेळ खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, ‘डोळ्यांत पाणी आणून, बाई.’