स्वस्त रेझोनेटर म्हणजे पत्र्याचा डबा? मामांनी फॉरवर्ड केलेल्या मेसेजला उत्तर

तो मेसेज या महिन्यात मला तिसऱ्यांदा आलाय. आधी दोनदा गिटारवाल्या पोरांकडून आला तेव्हा सोडून दिला, पण काल रात्री मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला, कारण मावसभावाला रेझोनेटर (पोटात धातूचा शंकू बसवलेली गिटार) घ्यायचीय आणि बजेट आहे 15-20 हजार. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: "स्वस्त रेझोनेटर म्हणजे पत्र्याचा डबा. लाकडी बॉडीची असेल तर ती नकलीच. ती खणखणतेच, त्यावर इलाज नाही. तारा उंच असतील तर माल डिफेक्टिव्ह. नवशिक्याने आधी दोन वर्षं साधी गिटार शिकावी आणि मग घ्यायचीच तर लाखाची घ्यावी, नाहीतर घेऊ नये."

मामा, राग मानू नका, पण माझ्याकडे तीन वर्षांपासून असलाच एक डबा आहे, 17 हजारांचा. त्यामुळे बोलतो.

पहिलं म्हणजे पत्रा. अहो आपण ग्वाल्हेरचे लोक, जिवाजीगंजात सरोद घर आहे, सरोदिये हाफिज अली खाँसाहेबांचं घर, लहानपणी शाळेने नेऊन दाखवलेलं. सरोदाच्या गळ्यावर पोलादाची पट्टी असते आणि घोडी, म्हणजे जिच्यावरून तारा जातात ती पट्टी, टेकलेली असते ती चामड्यावर, लाकडावर नाही. रेझोनेटरमध्ये चामड्याच्या जागी ॲल्युमिनियमचा पातळ कोन, म्हणजे शंकू, आहे एवढंच, तारा घोडीला हलवतात, घोडी कोनला हलवते, आवाज तिथून येतो. वर ती भोकांची जाळी दिसते ना, ती बघून आमच्या शेजारच्या काकांनी विचारलेलं की याला प्लग कुठे लावायचा. प्लग लागत नाही काका, प्लग नव्हता म्हणूनच तर ही बनली. 1920 च्या दशकात अमेरिकेत बॅंडमध्ये गिटार ऐकूच यायची नाही, जॉर्ज बोशॅंप नावाच्या वादकाला मोठा आवाज हवा होता आणि जॉन डोपिएरा या कारागिराने तो कोन बसवून दिला, 1927 मध्ये त्यांची नॅशनल कंपनी निघाली. गंमत म्हणजे त्याच बोशॅंपने चार-पाच वर्षांत इलेक्ट्रिक गिटारही काढली आणि मोठ्या आवाजासाठी रेझोनेटरची गरजच संपवली.

आता "लाकडी म्हणजे नकली". नॅशनलच्या पहिल्या गिटारी तीन कोनांच्या आणि जर्मन सिल्व्हरच्या होत्या (ज्यात चांदी नसते, तांबं-जस्त-निकेल असतं, आजीच्या डब्यांसारखं), त्या महागच होत्या. मग डोपिएरा तिथून बाहेर पडला आणि 1928 मध्ये भावांबरोबर डोब्रो काढली, तीन कोनांऐवजी एक मोठा कोन आणि लाकडी बॉडी, बनवायला सोपी आणि स्वस्त. म्हणजे ज्या डोब्रोचं नाव लोक आज सगळ्याच रेझोनेटरला देतात ती मुळात स्वस्तातली लाकडी गिटार होती, आणि मेसेज लिहिणाऱ्याला तीच नकली वाटते! आणि हो, प्लायवूड. साध्या गिटारीत प्लायचा तोटा होतो कारण तिथे वरची फळी गाते. इथे गातो कोन, फळीचं काम मुख्यतः त्याला धरून ठेवायचं. उलट आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि कूलर लावला की खोलीत दमट, त्यात प्लाय जास्त टिकतं, भरीव लाकडाच्या गिटारी मी तडकलेल्या बघितल्यात.

खणखण मात्र खरी आहे, ती नाकारत नाही. माझी आली तेव्हा तिसरी तार वाजवली की आत कोणीतरी वाटीत चमचा फिरवतंय असं वाटायचं. दोन दिवस मी पण "फसलो" म्हणत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी तारा सैल केल्या, जाळीचे स्क्रू काढले आणि बघतो तर आत लाकडाचा भुसा, आणि स्पायडरचा, म्हणजे कोनवर घोडी धरणारी आठ पायांची ती ॲल्युमिनियमची चकती असते ना, तिचा एक पाय कोनच्या कडेवर टेकलेलाच नव्हता, मधे कागद सरकवला तर आरपार जात होता. भुसा ब्रशने काढला, पाय अगदी हलक्या हाताने दाबून टेकवला, मधला स्क्रू बसवला. हा स्क्रू जपून, तो सैल राहिला तर खणखण आणि जास्त आवळला तर आवाज बसतो, सर्दी झाल्यासारखा, त्यामुळे पाव-पाव फेरा देऊन बघत बसायचं. तरी थोडी झिणझिण उरली होती. मग सगळ्या तारांवर तळवा ठेवून जाळीवर बोटाने ठिकठिकाणी टकटक केलं तेव्हा कळलं की ती जाळीतून नाही, तारा अडकवायची मागची पट्टी थरथरतेय. ग्वाल्हेरच्याच लष्कर भागात आमचे एक पेटी दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांच्याकडून फेल्टचा कातरलेला तुकडा आणला, पट्टीखाली सरकवला, संपलं. काकांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा पाजावा लागला.

एक चूक मी केली ती सांगतो. पुढे तारा बदलताना सहाच्या सहा एकदम काढल्या. कोन कशाने चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबानेच जागेवर बसतो, दाब गेला की तो सरकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. एकेक तार बदलायची.

स्वस्त कोन जाड आणि दाबून काढलेले असतात, महागातले पातळ आणि फिरवून घडवलेले, तो फरक कानाला कळतो, खोटं कशाला बोलू. पण कोन बदलता येतो. स्पायडरवाल्यात साधारण साडेदहा इंची लागतो, लाकडी बिस्किटावर (छोट्या गोल चकतीवर) घोडी असलेल्यात साडेनऊ इंची. बाहेरून मागवावा लागतो, घाई नाही, मी अजून बदललेला नाही.

तारा उंच म्हणजे डिफेक्टिव्ह? इथे मेसेजवाला पूर्ण घसरलाय, आणि पैसे वाया जातात ते खरं तर इथेच. रेझोनेटर दोन प्रकारची येते. गोल गळ्याची साध्या गिटारीसारखी धरता येते, बोटाने दाबता येते, बोटात काचेची नळी घालून स्लाइडही होते. चौकोनी गळ्याची फक्त मांडीवर आडवी, डाव्या हातात लोखंडी बार, तिच्या तारा नटपाशी (गळ्याच्या टोकाची खाचांची पट्टी) जवळजवळ 1 सेंटीमीटर उंच असतात आणि तशाच असायला हव्यात, नाहीतर बार फ्रेटवर, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटेल. ती बोटाने दाबायला गेलात तर बोटं सोलतील आणि सूर येणार नाही. बरेच जण फोटो बघून चौकोनी मागवतात आणि मग "खराब माल" म्हणून बोंब मारतात. अजून ठरलं नसेल तर गोल गळा घ्यावा, कारण नटवर बसवायचा एक छोटा धातूचा तुकडा मिळतो, तो लावला की तारा उचलल्या जातात आणि तीच गिटार मांडीवर घेता येते. चौकोनीला उलटा रस्ता नाही. फक्त गोल गळ्यावर तारा वरच्या सुराला ताणून लावू नका, गळा वाकेल. खालच्या सुराला उतरवून लावायच्या: सा पांढरी पाचला धरून जाड तारेपासून प सा प सा ग प. तानपुरा ऐकत वाढलेल्या माणसाला यात परकं काय आहे?

आणि स्लाइडने वाजवणार असाल तर स्वस्त गिटारीची सगळ्यात मोठी रड, म्हणजे वरखाली बसलेले फ्रेट, ती आडवी येतच नाही, कारण बार फ्रेटला टेकतच नाही.

दोन वर्षं साधी गिटार: गाण्यांना कॉर्ड द्यायचे असतील तर मेसेज बरोबर आहे, रेझोनेटर घेऊच नका. पण मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढायची असेल तर त्या दोन वर्षांतलं डाव्या हाताचं फार थोडं इथे कामी येतं. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर घेऊनच राग वाजवले, विश्वमोहन भट्टांना 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं ते पण मांडीवरच्याच वाद्यावर (ती रेझोनेटर नाही, पण बैठक आणि बार तोच). सरोद शिकायला आलेल्या पोराला आधी दोन वर्षं सतार शीक असं कोणी सांगतं का?

लाखाचं काय बोलायचं, लाख असते तर पोरगं ग्रुपवर विचारत बसलं असतं का.

मावसभावाला म्हणावं, ऑर्डर करायच्या आधी दुकानदाराकडून गळ्याच्या मागच्या बाजूचा फोटो मागव, समोरचा नको, गोल की चौकोनी ते मागूनच कळतं. आणि आली की रविवारी इकडे घेऊन ये, स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे आहे.