कुकर कोण लावतं, हे त्या फॉर्ममध्ये नव्हतं

आज सकाळच्या ठाणे स्लो लोकलमध्ये एक मुलगी माझ्या अंगावरच कोसळली. नाहूर गेलं होतं, भांडुप यायचं होतं. असेल पंचविशीची. दांडीला धरून उभी होती, एकदम पांढरीफटक पडली आणि खालीच बसली. चौथ्या सीटसाठी एरवी जिवावर उठणाऱ्या आम्ही सगळ्या, पण बाकडं क्षणात रिकामं झालं. कुणी ओढणीने वारा घातला, कुणी पाणी दिलं. मी डबा उघडून पोळीचा तुकडा तिच्यापुढे धरला. तर अर्धवट डोळे उघडून ती म्हणते काय, "नको काकू, कार्ब्स आहेत."

अगं बाई! डोळ्यांपुढे अंधारी आलीये आणि ही कार्ब्स मोजतेय!

विक्रोळीपर्यंत सगळं कळलं. कीटो डाएट चाललंय, म्हणजे कार्ब्स (भात-पोळी-साखरेतलं पिष्ट आणि साखर) जवळजवळ बंद, भर सगळा तुपा-तेलावर. ऑनलाइन ग्रुप, कोच, आज बाविसावा दिवस. सकाळी तूप घातलेली काळी कॉफी, दुपारी दोन अंडी, रात्री पनीर. दिवसभरात कार्ब्स वीस ग्रॅमच्या आत. डिसेंबरात लग्न आहे म्हणे.

घाटकोपरला उतरून मेट्रोत उभी राहिले तरी डोकं तडतडत होतं. कारण हेच सगळं मी मागच्या वर्षी केलंय. असाच ग्रुप, असाच कोच, तीन महिन्यांचे सहा हजार. वय सेहेचाळीस, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१, डॉक्टरांनी सांगितलं वजन उतरवा, भात-पोळी कमी करा. त्यांनी "कमी करा" म्हटलं होतं, "टाका" नव्हे. टाकायचं शहाणपण माझं.

पहिल्या अठरा दिवसांत साडेचार किलो गेले. काय मिरवलंय मी! इथेच फोटो टाकला होता, तुमच्यापैकी कितीजणींनी लाल बदामाचे इमोजी पाठवले होते आठवतंय. नंतर समजलं की त्यात पाणीच जास्त. शरीरात साठवलेल्या साखरेच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी असतं, साठा संपला की तेही जातं, काटा खाली येतो आणि आपण ठाण्याच्या तलावपाळीला फेरी मारून आल्यासारखे खूश. चरबी तिच्या चालीने जाते, तिला डिसेंबरचं लग्न माहीत नसतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

आमच्याकडे सासरे आहेत, मी बाबाच म्हणते. वय एकोणऐंशी. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत आयुष्य गेलं. सासूबाई गेल्यापासून रात्रीचा कुकर तेच लावतात. नवऱ्याची शिफ्ट, मुलगा पुण्यात, त्यामुळे पावणेनऊला ताटावर आम्ही दोघंच. आंबेमोहोर भात, वरण, लिंबाची फोड. मी कोचच्या नादी लागले आणि माझं पनीर-ब्रोकोली वेगळं सुरू झालं. घरी यावं तर बाबा म्हणायचे, "माझं झालं गं, आज लवकर भूक लागली." रोज लवकर भूक. मीही म्हटलं, बरं झालं, वय झालं की लवकर जेवावंच.

तीन आठवड्यांनी एकदा लवकर पोचले. सात वाजले होते. बाबा स्वयंपाकघराचं दार लावून, खिडकी सताड उघडी टाकून, ओट्याशी उभ्याने भात खात होते. मला बघून ताटावर चक्क फडका टाकला. म्हणाले, "वास येतो ना आंबेमोहोराचा. तुला मोह नको."

एकोणऐंशीचा माणूस. उभ्याने. स्वतःच्या घरात.

कोचच्या फॉर्ममध्ये वजन, उंची, कंबर, पाण्याचे ग्लास, सगळं विचारलं होतं. घरी किती वाजता पोचता, घरात कोण कोण जेवतं, कुकर कोण लावतं, हे नव्हतं. माझं सगळं भांडण त्या फॉर्मशी आहे.

आता लगेच कुणीतरी लिहील की मला कीटोने फायदा झाला. झाला असेल. मुळात १९२०च्या दशकात अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या रुग्णांसाठी डॉक्टरांनी काढलेला आहार तो, खुळचटपणा नव्हे. आमच्या ऑफिसातल्या एकाचे चौदा किलो गेले आणि टिकलेतही. पण तो एकटा राहतो, रोज तीच अंडी सुखाने खातो, घरी पोचायला त्याला दहा मिनिटं लागतात. त्याचं त्याला लखलाभ.

आणि हो, भात-पोळी कमी करायलाच हवी, हेही खरं. आपलं निम्म्याहून जास्त पोट धान्यावरच भरतं. पोह्यांबरोबर जिलबी, मिसळीबरोबर चार पाव, संकष्टीला साबुदाण्याची खिचडी, म्हणजे नुसता स्टार्च, आणि वर "उपास आहे माझा". भाकरीवाल्यांनीही फार ताठायला नको. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठातही सत्तरेक ग्रॅम कार्ब्सच असतात. पोळीपेक्षा भाकरी बरी असेल, म्हणून काय तीन खायच्या?

मग आता मी काय करते? अगदी साधं. सकाळी दोन अंडी. डब्यात मटकीची किंवा मुगाची उसळ, पालेभाजी, आणि तीनऐवजी एक पोळी. एका पोळीत पंधरा-वीस ग्रॅम धरायचे. उसळीतही कार्ब्स असतातच, पण तिच्याने पोट धरतं. संध्याकाळी घाटकोपरच्या फलाटावर मूठभर शेंगदाणे, कारण त्या वेळी रिकामं पोट असलं की ठाण्यात उतरल्याबरोबर पाय आपोआप वडापावकडे वळतात. रात्री बांगडा नाहीतर सुरमई, कार्ब्स शून्य, चव भरपूर. मासे नसतील तर ऑम्लेट, भरपूर कोशिंबीर. आणि बाबांच्या समोर बसून चार चमचे भात. वरण, लिंबू, सगळं. दिवसाचे शंभर-सव्वाशे ग्रॅम होतात. कोचच्या हिशोबात मी नापास. नऊ महिन्यांत सात किलो गेलेत, गणपतीत एक परत आला होता, मोदकांचा, तोही गेला.

हे तुम्ही करा असं मी म्हणत नाहीये. शाकाहारी असाल तर माझ्या बांगड्याचा तुम्हाला काय उपयोग? रात्रपाळी असेल तर वेगळं, लहान पोर असेल तर वेगळं. आणि मधुमेहाच्या गोळ्या नाहीतर इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. औषध तेवढंच ठेवून कार्ब्स एकदम तोडले तर साखर धाडकन खाली येऊ शकते. या बाबतीत माझं नका ऐकू, कोचचं तर नकाच नका.

त्या कोचवर सकाळी फार चिडले होते, आता तेवढी नाहीये. तोही बिचारा कुणाचं तरी बघूनच शिकला असणार. अवोकाडो मात्र त्याने यादीतून काढावा. तेवढ्या पैशांत जांभळी नाक्याच्या बाजारात आठवड्याची पालेभाजी येते.

फडका टाकलेलं ते ताट काही डोळ्यांपुढून जात नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा पावणेनऊला बसायला लागले. बाबा काही बोलले नाहीत. भात मात्र पहिल्या दिवशी डावभर वाढला, मी अर्धा परत केला, तर म्हणाले, "कोच रागावेल ना." हसत होते.

ती मुलगी विक्रोळीला उतरली. उतरताना शेवटी पोळी घेतली, उसळीच्या डबीसकट. स्टीलची गोल डबी, झाकणावर सासूबाईंचं नाव कोरलेलं आहे. कुणाच्या ओळखीची असेल तर सांगा तिला, मी रोज त्याच गाडीला, मधल्या लेडीज डब्यात असते. डबी भरून परत देईन म्हणावं.