जुनी गाडी घ्यायला जाताना घरी ठेवायच्या वस्तू

आधी मुहूर्त धरा, गाडी नंतर बघता येते. दसरा नाहीतर पाडवा ठरवायचा आणि डीलरला फोनवर सांगून टाकायचं, "सणाला गाडी दारात पाहिजेच." घासाघीस तिथंच संपते. तरी काही शिल्लक राहिलंच तर घरच्या सगळ्यांना घेऊन जावा. पोरं मागच्या सीटवर चढली, बायकोनं "रंग छान आहे की ओ" म्हटलं, की शेडमधल्या पोरानं पावतीपुस्तक काढलंच समजा.

निघताना पुन्हा एक फोन करा, "अर्ध्या तासात पोचतो." तेवढ्यात तो इंजिन गरम करून ठेवतो. गार इंजिन फार तोंडाळ असतं. सकाळी पहिल्याच स्टार्टला टायमिंग चेनची खडखड ऐकवेल, बॅटरीचा दम दाखवेल, निळा धूर सोडून तेल जळतंय हेही सांगून टाकेल. गरम इंजिन गप्प बसतं. म्हणून गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवून बघू नका, बरं दिसत नाही.

वेळ शक्यतो संध्याकाळची. झिमझिम पाऊस असेल तर सोन्याहून पिवळं! ओल्या पत्र्यावर ट्यूबलाइटच्या उजेडात सगळीच गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसते. सकाळच्या कोवळ्या उन्हात दारांच्या रेषेत डोळा लावून बघितलं, तर ठोकलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी मारलेला पत्रा लाटेसारखा हलतो. उगाच नको ते दिसतं. काही उपद्व्यापी लोक रंगाची जाडी मोजायचं मीटर आणतात. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, पुन्हा मारलेला २०० च्या पुढं जातो आणि लांबी असेल तिथं आकडा पाचशे-हजारावर उडी घेतो. मीटर नसेल तर पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबकही तेच सांगतं, लांबीवर ते चिकटत नाही. प्लास्टिकच्या बंपरवरही चिकटत नाही म्हणा, पण तिथं लावून बघणाऱ्याला डीलर चहासुद्धा पाजतो.

मेस्त्रीला कशाला नेता? त्याचा एक रोज वाचेल. शिवाय त्याला रीतभात नसते. आल्या आल्या तेलाचं झाकण फिरवतो आणि आतून दुधाच्या चहासारखी साय दिसली की तोंड वाकडं करतो. त्याच्या मते इंजिन गार ठेवणारं कुलंट तेलात उतरतंय, दोन्ही वेगळं ठेवणारं हेड गॅस्केट गेलंय. पावसाळ्यात गल्लीतल्या गल्लीत फिरणाऱ्या गाडीलाही थोडी साय धरते, म्हणून तो तेल मोजायची पट्टी, डिपस्टिकही ओढतो. मग बोनेटच्या बिजागरीचे आणि मडगार्डचे बोल्ट बघतो. बोल्टच्या डोक्यावरचा रंग पान्यानं उडालेला असला की "पुढनं ठोकलीया" असं सगळ्यांसमोर बोलतो. शेवटी तिसऱ्या गिअरला हँडब्रेक ओढून हळूच क्लच सोडतो. इंजिन बंद पडायच्या ऐवजी फिरत राहिलं की क्लचप्लेट संपली म्हणे. एवढं सगळं ऐकल्यावर माणूस गाडी घेणार कधी?

डॅशबोर्डवरच्या किलोमीटरच्या आकड्यावर तर पूर्ण विश्वास ठेवा. दहा वर्षांची डिझेल गाडी, ४८,००० किलोमीटर. "डॉक्टरची गाडी हाय साहेब, घरातनं दवाखाना, दवाखान्यातनं घर." एखादा रोज निपाणी-बेळगाव ये-जा करत असता तर वर्षाच्या आतच तेवढं अंतर कापलं असतं. पण डॉक्टर घरी बसून होते, मान्य करा. मग ब्रेकच्या पायडलचं रबर एका कोपऱ्यात पत्रा दिसेपर्यंत का झिजलंय आणि स्टिअरिंग आरशासारखं का चकाकतंय, हा डॉक्टरांच्या तळव्यांचा खासगी विषय आहे. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नंबर सांगून सर्व्हिसचा रेकॉर्ड काढून घेणं म्हणजे तर थेट अविश्वास!

आता आपल्या बेळगाव-निपाणी भागाची खासियत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठच्या गावांत दारात उभ्या असलेल्या गाड्या पाण्यात गेल्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या, असंच समजून चला. सीट काढून उन्हात वाळवल्या, गालिचा बदलला, वर अत्तराची बाटली टांगली, असं कोण करतंय? तेवढा सीटबेल्ट मात्र शेवटपर्यंत ओढू नका. पहिला हातभर पट्टा रोज वापरात असतो, तो धुऊन घेतलेला असतो. खालचा भाग कुणी बाहेर काढत नाही. तिथं आडवी तपकिरी रेघ निघाली तर पाणी कुठवर होतं ते बोटानं दाखवता येईल आणि तुमचा सण बिघडेल. सीटच्या रुळांचे स्क्रू, स्टेपनीखालचा खड्डा, डॅशबोर्डखालच्या वायरी यांच्याकडंही बघायचं नाही. गाळाची गंमत अशी, की ती लगेच कळत नाही. वायरींच्या जोडांवर हिरवा गंज चढायला महिने लागतात, आणि एके दिवशी खिडकीची काच खाली करायला गेलात की वायपर सुरू होतात. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोल डबा गिअरच्या पुढं, अगदी तळाशी असतो, म्हणजे पाणी आधी त्याच्याकडंच जातं. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. मुळीच लागला नाही तर खूश व्हा, कटकटच काढून टाकलीय.

बेळगावच्या केए-२२ पेक्षा कोल्हापूरची एमएच-०९ स्वस्त दिसली की तीच उचला. १९५६ पासून आपण जाऊ शकलो नाही, निदान गाडी तरी महाराष्ट्रात आहे. डीलर म्हणेल, "चालतंय की ओ, हितं दर दुसरी गाडी एमएचच हाय." तो म्हणतोय ते खरंच आहे. फक्त मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाला भाषावाद कळत नाही. गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी कोल्हापूरच्या आरटीओकडून नमुना २८ वर ना-हरकत आणायची, मग बेळगावला किंवा निपाणीकर असाल तर चिक्कोडीला केए-२३ साठी रांग धरायची आणि कर्नाटकचा आजीवन कर भरायचा. नव्या गाडीला तो किमतीप्रमाणे १३ ते १८ टक्के, वर उपकर. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, पण एकरकमी जातो. महाराष्ट्रात भरलेला उरलेला कर परत मागायला पुन्हा कोल्हापूर. स्वस्ताई कुठं गेली याचा हिशेब घरी बसून करा. चोर्ल्याच्या घाटातनं वर आलेल्या गोव्याच्या गाडीचंही तेच, वर पत्रा खाणारी खारी हवा. तिच्या पोटाला नवाकोरा काळा थर मारलेला दिसला तर मालक हौशी होता म्हणायचं. आणि दिल्लीची दहा वर्षं झालेली डिझेल दिसली तर विचारू नका की तिकडनं ती का काढली.

कागदपत्रांत वेळ घालवू नका. नमुना २९ आणि ३० वर जुन्या मालकाच्या सह्या आहेत, बाकी सगळं कोरं आहे, म्हणजे कामच झालं. सरकारच्या एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला तर तुम्ही कितवे मालक आणि कर्जाचा बोजा कुणाचा हे कळतं, म्हणून टाकू नका. बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि नमुना ३५ लागतो, "देतो की पुढच्या आठवड्यात." १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरलाही आरटीओचं अधिकारपत्र लागतं, नमुना २९-ब. भिंतीवर ते नसेल, तर तिथं कुलदैवताचा फोटो असतो, त्याला नमस्कार करा. आरसी नावावर करायला खरेदीदाराला ३० दिवस आणि विमा नावावर करायला १४ दिवस असतात. नाही केला तरी थर्ड पार्टी विमा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, गाडीबरोबर येतो, फक्त तुमच्या पत्र्याची भरपाई मिळत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याची विम्यातली सूट, जुन्या मालकाबरोबर जातो, डीलर तो तुमच्या किमतीत धरून दाखवतो ते निव्वळ प्रेमापोटी.

मग डिलिव्हरी. पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात धरून फोटो काढा, शेडमधल्या सगळ्यांना कुंदा वाटा. चाकाखाली लिंबं ठेवायला वाकाल तेव्हा टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे दिसतील. तीन टायरवर १४१७, म्हणजे २०१७ सालचा चौदावा आठवडा. चौथ्यावर ३८२२. गाडीची कागदोपत्री नोंदणी २०१९ ची आहे. आकड्यांकडं बघत बसू नका, मागं ट्रॅक्टर थांबलाय, लिंबू नीट सरकवा आणि फर्स्ट टाका.