मोडेन पण वाकणार नाही

चढाला मी घाबरत नाही. चढताना जमीन नाकासमोरच असते, पडलो तरी फार लांब जावं लागत नाही. माझं वैर उताराशी. पहिल्या ट्रेकला मी उतरताना पायांपेक्षा पँटची मागची बाजू जास्त वापरली. पुढचे चार दिवस घरात जिना दिसला की गुडघे आधी रडायचे, मी नंतर.

"ट्रेकिंग पोल घे," मित्र म्हणाला.

मी हे घरी सांगितलं. आई म्हणाली, "पोल म्हणजे काठीच ना रे? माळ्यावर बाबांची पडलीय की!"

ती पडलीय खरी. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आम्ही ती बाबांसाठी आणली होती. "मी काय म्हातारा झालोय का?" असं विचारून त्यांनी ती माळ्यावर टाकली, त्याला दोन वर्षं झाली. पंचाहत्तरीचा माणूस फुकट मिळालेली काठी हातात धरत नाही, आणि मी बेचाळिसाव्या वर्षी पदरचे पैसे मोजून एक सोडून दोन विकत घ्यायला निघालो होतो.

खरेदीबाबत माझं एक साधं तत्त्व आहे: आधी सगळं वाचायचं, मग सगळ्यात स्वस्त ते घ्यायचं. वाचता वाचता कळलं की लांबी कमी-जास्त करता येणारी काठी लेकी नावाच्या जर्मन कंपनीने 1974 साली आणली आणि तिचं नाव ठेवलं मकालू. मकालू हे जगातलं पाचव्या क्रमांकाचं उंच शिखर, 8,485 मीटर. मी राहतो दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद असली की खालूनच फोन करतो. पण हुरूप यायला एवढं पुरलं. 1999 साली छापून आलेल्या एका अभ्यासाचाही शोध लागला. काठ्या घेऊन उतरल्यावर गुडघ्यांवरचा भार 12 ते 25 टक्क्यांनी कमी झालेला त्यात दिसला होता. माझे गुडघे बारा टक्क्यांवरही खूश होते.

मग कार्बन की अ‍ॅल्युमिनियम, हा वाद सुरू झाला. वाद माझा माझ्याशीच होता. कार्बनच्या काठ्या हलक्या, अ‍ॅल्युमिनियमच्या जोडीपेक्षा शंभर-दीडशे ग्रॅमने कमी भरतात, आणि त्या दीडशे ग्रॅमसाठी खिसा चांगलाच हलका होतो. "दिवसभरात हात हजारो वेळा उचलायचा असतो, दीडशे ग्रॅम म्हणजे चेष्टा नाही," असं मी बायकोला पटवत होतो. तिने एकदा माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे पाहिलं. "वजनच कमी करायचं असेल तर आठ-दहा किलो फुकटात होतील," ती म्हणाली आणि विषय संपला.

शिवाय कार्बनचा स्वभाव मानी. मोडेन पण वाकणार नाही! दगडांच्या फटीत अडकून आडवा ताण आला की ती कडकन तुटते. अ‍ॅल्युमिनियम आपल्यासारखं संसारी. वाकेल, पोचे घेईल, पण घरी आणून सोडेल. नवख्या माणसाने अ‍ॅल्युमिनियमचीच घ्यावी. नवखा माणूस काठी टेकतो कमी आणि अडकवतो जास्त.

लांबीचं गणित सोपं निघालं. टोक जमिनीवर टेकवून मूठ धरली की कोपरात काटकोन व्हायला हवा. मी ट्रेकचे बूट घालून, फरशी पुसायच्या मॉपचा दांडा धरून हॉलमध्ये उभा राहिलो आणि मुलीने कंपासपेटीतला गुण्या माझ्या कोपराला लावला. उत्तर आलं एकशे पंधरा सेंटीमीटर. चढताना पाच-दहा सेंटीमीटर कमी करायची, उतरताना तेवढीच वाढवायची. म्हणून एकाच लांबीची काठी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. नेमकी इथे माझी माती झाली.

कारण लांबी बदलायची म्हणजे काठीचे भाग कुठेतरी पक्के अडकायला हवेत, आणि मी घेतली ती पिळून घट्ट करायची जोडी. सगळ्यात स्वस्त तीच होती. हिच्या नळीच्या पोटात प्लॅस्टिकचा एक गट्टू असतो. नळी पिळली की तो फुगतो आणि बाहेरच्या नळीला आतून धरून बसतो. दुकानात छान धरतो. पण आत धूळ किंवा पाणी गेलं की त्याची पकड सुटते, आणि बाहेरून काठी तशीच ताठ दिसत राहते. कधीकधी नळी नुसतीच गरगर फिरते, गट्टू फुगतच नाही, आणि आपण वाटेच्या कडेला बसून ओला टॉवेल पिळावा तशी काठी पिळत राहतो.

त्या दिवशी भल्यामोठ्या दगडावरून खाली पाऊल टाकायचं होतं. मी दोन्ही काठ्या पुढे रोवल्या आणि विश्वासाने सगळा भार टाकला. डावी थांबली. उजवी मात्र दुर्बीण मिटावी तशी सुर्रकन आत गेली. एकशे वीसची नव्वद झाली आणि तिच्यापाठोपाठ मीही तेवढाच खाली गेलो, तोही तिरका. मागून येणाऱ्या काकूंनी, ज्यांच्या हातात कसलीही काठी नव्हती, मला दंडाला धरून उठवलं.

दुसऱ्या खेपेला मी दुकानात गेलो ते फक्त खटका बघायला. नळीला बाहेरून पत्र्याचा नाहीतर प्लॅस्टिकचा खटका असतो. तो उघडायचा, लांबी जुळवायची आणि दाबून बंद करायचा. सैल वाटला तर बाजूचा छोटा स्क्रू आवळायचा. उघडा आहे की बंद, हे डोळ्यांना दिसतं, हीच त्याची मोठी गोष्ट. बाकी सगळ्यात काटकसर करा, खटक्यात करू नका. मी प्रत्येक जोडी टेकवली, खटके बंद केले आणि पाय जवळजवळ अधांतरी करून अंग लोटून दिलं. चौथ्या जोडीला दुकानातला मुलगा हळूच जवळ आला. "सर, बरं वाटत नाहीये का? खुर्ची देऊ?"

खुर्ची मी नाकारली, पण सल्ले घेतले. मूठ बुचाची असेल तर उत्तम, घामाने चिकचिकत नाही. फोमची चालेल आणि स्वस्तही पडेल. नुसत्या रबराच्या मुठीने उन्हात तळव्याला फोड येतात. आत स्प्रिंग बसवलेली काठीही त्याने दाखवली, धक्के शोषणारी. काठीला सस्पेन्शन आणि गुडघ्यांना नाही, या अन्यायाने मी थोडा वेळ हळहळलो, पण तिचे जास्तीचे पैसे काही द्यावेसे वाटले नाहीत. काठी बर्फात रुतू नये म्हणून टोकाशी लावायच्या मोठ्या चकत्या नको म्हटलं. बर्फाशी माझा संबंध फ्रीजपुरता.

पट्ट्याची गंमत मात्र त्यानेच शिकवली. मी आजवर पिशवी मनगटात अडकवावी तसा वरून हात घालत होतो. हात खालून वर पट्ट्यात घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची. भार मनगटावर येतो, बोटं सैल राहतात. त्याने ते एकदा करून दाखवलं आणि आपली सारी शोभा तिथेच झाली. कारण त्याच वेळी खिशातला फोन वाजला, दोन्ही हात पट्ट्यांत अडकलेले, आणि फोन काढायच्या गडबडीत मी एक काठी बुटांच्या मांडणीत घुसवली. त्यानंतर न घेता बाहेर पडणं शक्यच नव्हतं.

तर ही जोडी टिकली. तीन ट्रेक झाले, खटके हलले नाहीत. ट्रेकहून आलो की भाग सुटे करून फडक्याने पुसतो आणि रात्रभर वाळत ठेवतो, नाहीतर आत गंज धरतो. रस्त्यावर चालताना टोकांना लावायच्या रबरी टोप्यांपैकी एक पहिल्याच दिवशी चिखलाने गिळली. ती निघाली तेव्हा आवाज आला नाही आणि मला कळलंही नाही.

परवा काठ्या अशाच बाल्कनीत वाळत होत्या. बाबा आले. एक उचलली, खटका उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मग ती टेकवत दारापर्यंत गेले आणि परत आले.

"ही काठी नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. ट्रेकिंग पोल."

"मग ठीक आहे." त्यांनी कोपर दुमडून माझ्यासमोर धरलं. "बघ जरा, किती ठेवू?"

मुलीने गुण्या आणला. एकशे पाच. उरलेली रबरी टोपी त्यांच्या काठीला गेली, आणि येत्या रविवारी मला एकाच काठीने डोंगर उतरायचाय.